स्टीलचं वेल्डिंग का गंजतं? फॅब्रिकेशनचं दुकान टाकणाऱ्यांनी वाचावं, काम करून घेणाऱ्यांनीही

हिंगोली : घराला स्टीलची रेलिंग बसवली, वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी हात फिरवून कौतुक केलं, आणि पहिला पावसाळा सरला की जोडाजोडाला तांबूस डाग दिसू लागले. पाइप अजून चकचकीत, पण जिथं वेल्डिंग तिथंच गंज. मग सुरू होतं भांडण. "भाऊ, तुम्ही तर स्टील हाय म्हणलते, मग हे गंजलं कसं?" दुकानदार म्हणतो, माल खराब आला. मालवाला म्हणतो, वेल्डिंग खराब केलं. खरं कोणाचं? बहुतेक वेळा दोघांचंही थोडं थोडं.

वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली, कुठल्याही रस्त्याला लागा, फॅब्रिकेशनचं दुकान दिसतंच. नवीन पोरंही या धंद्यात येत आहेत. लोखंडाचं गेट, शेडचा सांगाडा, ट्रॉलीची फळी, हे काम हाताला बसलेलं असतं. पण गिऱ्हाईक आता रेलिंग, पाण्याची टाकी, दुधाचं भांडं, हळदीच्या कामाची टाकी स्टीलमध्ये मागतंय. आणि लोखंडाच्या सवयीनं स्टीलवर काम केलं की घोळ होतो. मशीन भारी घेतली म्हणून हा घोळ टळत नाही. तो टळतो दोन गोष्टींनी : स्टीलला लोखंडापासून लांब ठेवणं आणि कमी तापवणं.

स्टील गंजत नाही म्हणजे काय?

स्टेनलेस स्टील हे लोखंडच आहे, पण त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेलं असतं. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन वर एक पातळ थर धरतं, दुधावर साय धरावी तसा. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ. ओरखडा पडला तरी थर परत धरतो. स्टीलचं सगळं न गंजणं या सायीवर आहे.

आता दुकानात काय होतं बघा. सकाळी लोखंडाचं अँगल ज्या चकतीनं घासलं, त्याच चकतीनं दुपारी स्टीलचा पाइप घासला. चकतीत अडकलेले लोखंडाचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसले. किंवा शेजारी दुसरा पोरगा लोखंड कापतोय आणि त्याच्या ठिणग्या स्टीलच्या पत्र्यावर पडताहेत. हे कण दव पडलं तरी गंजतात, आणि त्यांच्या खाली साय नीट धरत नाही. लोखंडाच्या तारेचा ब्रश मारला तरी हेच. गिऱ्हाइकाला वाटतं स्टील गंजलं. सुरुवातीला स्टील गंजलेलंच नसतं, गंजलेली असते तुमच्या चकतीची घाण. पण ती तशीच राहू दिली तर खालचं स्टीलही धरतं.

दुसरं कारण उष्णता. वेल्डिंग केल्यावर जोडाच्या कडेला रंग येतात : सोनेरी, मग जांभळा, निळा, शेवटी करडा-काळा. हलका सोनेरी रंग आला तर समजा उष्णता बेताची होती. निळा-काळा आला म्हणजे तिथं जास्त तापलं आणि त्या थराखालचं क्रोमियम कमी झालं. काही जण हे रंग शोभेचे म्हणून तसेच सोडतात. तसं करू नका, गंज तिथूनच सुरू होतो.

याहून खोल एक गोष्ट आहे. स्टील साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान जास्त वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून बसतो. मग धातूच्या कणाकणाच्या सीमेवर क्रोमियम उरत नाही आणि जोडाच्या बाजूनं, थोडं अंतर सोडून, रेघेसारखा गंज येतो. यावर उपाय म्हणजे कमी कार्बनचं स्टील आणि कमी कार्बनचा रॉड. ३०४एल, ३०८एल यातला शेवटचा 'एल' त्यासाठीच असतो. साध्या ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो, एलमध्ये तो ०.०३ च्या आत लागतो. दुकानातून रॉड आणताना नुसतं "स्टीलचा रॉड द्या" म्हणू नका, ३०८एल मागा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया प्रकल्प होतोय, हे सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला २६०० कोटींची मंजुरी दिली. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायचं ते केंद्र. अशाच लहरी अमेरिकेतल्या लायगोनं सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा पकडल्या होत्या. पण वेल्डिंगवाल्यांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे.

अमेरिकेतल्या त्या केंद्रांना काटकोनात दोन भुजा आहेत, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. प्रत्येक भुजेत सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची स्टीलची नळी आहे. पत्र्याची जाडी किती? जेमतेम ३ मिलिमीटर. पत्रा गोल-गोल पीळ देत गुंडाळून त्याचा जोड वेल्ड केलेला. म्हणजे नळी जितकी लांब, त्याच्या कितीतरी पट लांब वेल्डिंग. आत हवा जवळपास शून्य, त्यामुळे सुईच्या टोकाएवढं भोकही चालत नाही. गळती शोधायला हेलियम वायू वापरतात, कारण तो बारकाईतल्या बारकाईतून निसटतो. आणि या नळीसाठी स्टील कोणतं निवडलं? ३०४एल. तोच 'एल'. आपल्याकडच्या केंद्राच्या भुजाही ४ किलोमीटरच्याच असणार आहेत. आपल्या रेलिंगला हेलियम लावायची गरज नाही, पण धातू तोच आणि त्याचे नियमही तेच.

चुंबक फसवतं

बाजारात गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढतं. चिकटलं नाही तर "ओरिजिनल ३०४ आहे" असं ठरवून मोकळं होतं. हे चुकीचं आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून त्याच्या जागी मँगनीज घालून २०२ आणि त्याहून कमी निकेलची जे४ सारखी स्टीलं बनवतात. त्यांनाही चुंबक चिकटत नाही. उलट खरं ३०४ वाकवलं, दाबलं की वाकलेल्या जागी चुंबक थोडंसं ओढतं, आणि माणूस चांगला माल परत करतो. चुंबकानं फक्त ४३० सारखं बिननिकेलचं स्टील ओळखता येतं.

ओळखायचं असेल तर टेस्टिंगचं औषध मिळतं. पत्रा घासून साफ करायचा, थेंब टाकायचा, किटसोबतच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोकं काही सेकंद लावायची आणि रंग किटवरच्या तक्त्याशी जुळवायचा. दुकानदारानं हे स्वतःसाठी ठेवावं, कारण मालवाल्याकडून फसला तर शिव्या त्यालाच बसतात.

२०२ वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरातली खिडकी, आतल्या जिन्याची रेलिंग यांना ते चालून जातं. पावसात उघडी राहणारी रेलिंग, पाण्याची टाकी, दुधाची आणि खाण्याची भांडी यांना ३०४ च हवं. राग येतो तो २०२ ला ३०४ चा भाव लावला जातो याचा.

पत्र्याची जाडीही तपासता येते. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलचं वजन साधारण ८ किलो भरतं. आठ बाय चार फुटांची एक मिलिमीटरची शीट साडेतेवीस किलोच्या जवळ यायला पाहिजे. काट्यावर ती वीस किलोच भरली तर पत्रा बारीक आहे, बाकी काही बोलायची गरज नाही.

रॉडची मशीन की आरगॉन?

स्टील उष्णता हळू पसरवतं, लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश. आणि तापल्यावर फुगतं मात्र दीडपट. म्हणून उष्णता एकाच जागी साचते, पत्रा वाकडा होतो, भोक पडतं. लोखंडावर जो करंट ठेवता त्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी ठेवा. अडीच मिलिमीटरच्या ३०८एल रॉडला ५० ते ८० अँपियर पुरतात. रॉड अर्ध्यात लाल व्हायला लागला तर करंट जास्त आहे. आधी जवळ-जवळ टाके मारा, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असं करत भरा. सलग ओढत गेलात तर पत्र्याची केळीच्या पानासारखी अवस्था होते. जोडाखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी धरली की ती उष्णता पिऊन घेते.

दोन मिलिमीटर आणि त्यापेक्षा जाड कामाला रॉड चालतो. पातळ पाइप, रेलिंग, भांडी यांना आरगॉनच, म्हणजे टिग. नवीन मशीन घेताना दुकानदार एसी-डीसी दाखवतो. एसी लागतं ते ॲल्युमिनियमला. तुम्हाला फक्त स्टील करायचं असेल तर डीसी मशीन पुरते आणि बरेच पैसे वाचतात. टॉर्च निगेटिव्हला जोडतात. न घासता ठिणगी पडते अशी, एचएफ स्टार्टची मशीन घ्या. जोड संपल्यावर गॅस पाच-दहा सेकंद चालू राहतो का, तेही बघा. लगेच टॉर्च उचलली तर शेवटचा टिपका काळा पडतो आणि तिथून चिरतो.

मशीनच्या पाटीवर ड्युटी सायकल लिहिलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा बहुधा ४० अंशांच्या हवेसाठी धरलेला असतो. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किती असतं ते सांगायला नको. म्हणून २०० अँपियर लिहिलेल्या मशीनकडून रोज २०० ची अपेक्षा धरू नका.

गॅसचा हिशेब सोपा आहे. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर म्हणजे ७००० लिटर आरगॉन येतो. मिनिटाला १० लिटर लावला तर ७०० मिनिटं, पावणेबारा तास नुसती ठिणगी चालते. दर ठरवताना हे धरा. पंखा बंद ठेवा, नाहीतर गॅस उडून जातो आणि जोडात बारीक भोकं पडतात. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, ताडपत्रीचा नको, ती पेटते.

लोखंडाला स्टील जोडायचं असेल, जसं स्टीलचा पाइप लोखंडी प्लेटवर, तर ३०९एल लागतो. आणि जीआय पाइपला स्टील जोडायचं असेल तर आधी जोडाजवळचं जस्त पूर्ण घासून काढा. जस्त वितळून स्टीलमध्ये शिरलं की जोड तडकतो, आणि त्याचा धूर घेतला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

विजेचं एक सांगतो. पातळ पत्र्यावर ८० अँपियरचं आरगॉन काम लाइनवरून साधारण दीड किलोवॅट ओढतं. सव्वातीन मिलिमीटरचा रॉड १०० अँपियरवर चालवला तर तीनच्या आसपास. म्हणजे गावातल्या सिंगल फेजवर आरगॉन जास्त सुखानं चालतं. बारीक वायरची लांब एक्स्टेंशन लावू नका, वायर तापते आणि मशीनला व्होल्टेज मिळत नाही. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग करणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरू शकतं. दुकानाचं मीटर वेगळं घ्या.

आधी काय घ्यायचं

कर्ज मिळालं की पोरं पहिल्याच दिवशी मोठी मशीन आणतात आणि ब्रशला, चकतीला पैसे उरत नाहीत. माझं मत उलटं आहे. आधी स्टीलसाठी वेगळा संच करा : एक चार इंची ग्राइंडर, लोखंड-विरहित लिहिलेल्या चकत्या, फ्लॅप डिस्क, स्टीलच्या तारेचा ब्रश. त्यावर निळा रंग मारा, आणि निळ्या रंगाची वस्तू लोखंडाला लावली तर त्या दिवशीचा चहा लावणाऱ्यानं पाजायचा. टेबलावर लोखंडी पत्रा असेल तर वर लाकूड किंवा रबर टाका. मग शिकंजे, भरपूर शिकंजे. गुण्या, पाणसळ, वाईस. मग डीसी आरगॉन मशीन. कापायची मोठी मशीन सगळ्यात शेवटी. सुरुवातीला पाइप मालवाल्याकडूनच मापात कापून आणता येतो.

ड्रिलचं वेगळं आहे. स्टीलला जोरात फिरवलं की जागा कडक होते आणि बिट नुसतं घासत बसतं. फेरे कमी, दाब जास्त, तेल सोडत राहा. कोबाल्टचं बिट महाग पडतं, पण साधी पाच जाळण्यापेक्षा एक परवडतं.

ग्राइंडरचं गार्ड काढून मोठी चकती बसवणारे आपल्याकडं कमी नाहीत. चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात आणि मधल्या कड्यावर मुदतीची तारीखही. चकती फुटली तर ती चेहऱ्याकडंच येते.

धूर, डोळे आणि रिकामा ड्रम

स्टीलच्या धुरात क्रोमियमचं एक विषारी रूप असतं, रॉडच्या कामात तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तोंडाला बांधलेला गमछा हा धूर अडवत नाही. निदान एन-९५ मास्क लावा आणि डोकं धुराच्या रेषेत धरू नका.

आरगॉनमध्ये धूर कमी, म्हणून पोरं बाह्या वर करून काम करतात. त्या उजेडानं कातडी उन्हापेक्षा लवकर भाजते. सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, टेरीकॉटचा नको. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं तर बटाट्याची फोड, दूध, असलं काही घालू नका, डॉक्टरला दाखवा. बघायला येणाऱ्या लेकरांना लांब ठेवा, त्यांच्या डोळ्यांवर काळी काच नसते.

आरगॉन हवेपेक्षा जड आहे आणि त्याला वास नाही. टाकीच्या आत उतरून आरगॉन वेल्डिंग करताना तो तळाशी साचतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. टाकीत एकट्यानं कधीच उतरू नका, आत हवा फिरती ठेवा, बाहेर माणूस उभा ठेवा. तो बेशुद्ध पडला म्हणून दुसऱ्यानं तसंच आत उडी मारायची नाही.

डिझेलचा, औषधाचा रिकामा ड्रम कापायला आणला तर परत पाठवा. आत वास आहे तोवर तो भरलेलाच समजा. आणि हळद शिजवायच्या वाफेच्या टाकीला गळती लागली म्हणून कोणी आणली, तर दाब धरणाऱ्या भांड्याला हात लावू नका. दाबाच्या वाफेला बॉयलरचा कायदा लागू होऊ शकतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून चालवायची सवय काही ठिकाणी आहे. टाका धरला नाही तर जवळ उभी असलेली माणसं भाजतात. बनवणाऱ्याकडंच पाठवा.

जोड साफ करायला पिकलिंग पेस्ट मिळते. काम छान करते, पण तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. रबरी हातमोजे, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नसेल तर ती पेस्ट आणू नका. स्टीलचा ब्रश आणि फ्लॅप डिस्कनं बरंच काम होतं.

शिकायचं असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. कर्जासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, आणि सुरुवातीचा संच एवढ्यात बसवता येतो. अनुदानाच्या योजनांची सध्याची स्थिती हिंगोलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

काम करून घेणाऱ्यांनी पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : ग्रेड, गेज आणि वजन. आणि दुकानदारांनी माल द्यायच्या आदल्या दिवशी एक करावं. जोडांवर स्वच्छ पाणी मारायचं, वाळू द्यायचं, परत मारायचं, असं दिवसभर. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघायचं. तांबूस ठिपका दिसला तर तिथं लोखंड रुतलंय. निळा ब्रश घ्या, घासा, आणि परत पाणी मारा.